नेलपॉलिशची खूण

दिवा जरा माझ्याकडे सरकव, अयदाय. बस. वीज काही सातशिवाय येत नाही, किटलीत चहा आहे आणि तुझी आई बाजारातून यायला अवकाश आहे. तेवढ्यात सांगून होईल.

काल तू माझ्यावर रागावलीस ते बरोबरच होतं. घरी होणारा जावई आलेला, आणि मावशीने ताडकन उठून भिंतीतली पिन उपटावी, एक अक्षर न बोलता आतल्या खोलीत निघून जावं, हे शोभत नाहीच. काम तर किती साधं! नुरतिलेकच्या लॅपटॉपची काच फुटलेली. तो मला म्हणाला, ताएजे, म्हणजे मावशी, तुमच्या टीव्हीला जोडतो, लग्नाच्या हॉलचे फोटो मोठे दिसतील. रविवारी त्याची आई तुझ्या कानात झुमके घालायला येणार. झुमके कानात पडले की मुलगी त्या घरची झाली, मग मागे फिरणं अवघड. त्याआधी हॉल ठरवून टाकायचा होता. एक वायर, दोन टोकं, संपलं. आजकालची मुलं दिवसातून दहादा करतात हे.

आमच्या वेळी ते इतकं सोपं नव्हतं.

मी सांगतेय ती चौऱ्याण्णवची फेब्रुवारी. तुझी आई तेव्हा बिश्केकला कॉलेजात होती. ओशच्या याच इमारतीत, याच खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी, आपा म्हणजे आमची आई, तुझी आजी, आणि आमचा मोठा भाऊ सागिन आका. तू त्याला फक्त त्या भिंतीवरच्या फोटोत पाहिलंयस. तो टीव्ही दुरुस्त करायचा. मेलिस त्याचा जोडीदार. मेलिसच्या बापाने पक्षाच्या चार पुढाऱ्यांची आद्याक्षरं जोडून पोराचं नाव ठेवलेलं, त्यामुळे सागिन आका त्याला चिडवायचा, "तू एकटा खोटं बोललास तरी चौघं मिळून बोलतात." सगळे हसायचे. मी सगळ्यात जास्त हसायचे, कारण माझ्या कानात मेलिसच्या आईने घातलेले झुमके होते. लग्न वसंतात ठरलं होतं.

त्या दोघांनी मिळून एक कम्प्युटर बांधला. कुठून कुठून चिप्स जमवल्या, पत्रा ठोकून लोखंडी पेटी केली. कम्प्युटरचा स्वतःचा पडदा असतो हे आम्ही ऐकून होतो, पाहिला कोणीच नव्हता. पडदा म्हणजे घरातला टीव्ही. पण त्या टीव्हीत बाहेरची वायर घ्यायची सोयच नसायची. सागिन आकाने आमचा जुना, लाकडी खोक्याचा, दोन माणसांनी उचलावा असा रंगीत टीव्ही उघडला, मागच्या पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि आतून पाच वायरी डाखून बाहेर काढल्या. आपा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एक दिवस त्याने पडद्यावर तिचं नाव लिहून दाखवलं, तेव्हा डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, आधी सांगायचंस ना!"

आता नीट ऐक, कारण सगळी गोष्ट यावर आहे. त्या जातीच्या टीव्हीचा आतला लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असायचा. पिन दोन गोल पायांची, सॉकेटमध्ये कशीही घुसायची. एका बाजूने लावली तर सांगाडा थंड. उलटी लावली तर सांगाड्यात वीज. नुसता टीव्ही बघणाऱ्याला काही धोका नाही, सांगाडा लाकडाच्या आत. पण वायरी बाहेर काढल्या की ती वीज वायरीवाटे कम्प्युटरच्या लोखंडी पेटीत यायची. म्हणून सागिन आकाने पिनेच्या एका अंगाला आणि सॉकेटच्या एका अंगाला लाल ठिपका दिला होता. माझ्या नेलपॉलिशचा. लालला लाल मिळालं की बिनघोर. ती बाटली मला मेलिसने आठ मार्चला, महिला दिनाला, भेट दिलेली होती. मी नखांना फार तर दोनदा लावली असेन. बाकी सगळी या लोकांच्या पिनांवर गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पिठाच्या रांगेतून परत आले तर दार उघडं होतं. मेलिस खोलीत गुडघ्यांवर बसलेला. सागिन आका जमिनीवर. त्याचा एक हात पेटीजवळ पडलेला, आणि दुसरा... दुसरा अजून भिंतीजवळच्या गार रेडिएटरच्या नळाला धरून होता. त्या हिवाळ्यात नळांत गरम पाणी नव्हतंच. नुसतं लोखंड.

"पिन उलटी लावली गं," मेलिस म्हणाला. "शंभरदा सांगितलं होतं त्याला."

डॉक्टर आला, इमारतीतली माणसं आली. मेलिसने सगळ्यांना तेच सांगितलं. आणि कुणीतरी विचारलं, इतका हुशार मुलगा असं कसं करेल, तेव्हा हळूच म्हणाला, "रविवार होता... थोडी घेतली असेल." एवढंच. एक वाक्य. ते दुपारपर्यंत पाचव्या मजल्यावर पोचलं आणि संध्याकाळपर्यंत बाजारात. सागिन आकाने आमचे वडील दारूने गेल्यापासून थेंबाला हात लावला नव्हता. आपाला हे माहीत होतं, मला माहीत होतं, पण मयताच्या घरात भांडायला कोण उभं राहतं? माझा भाऊ त्या दिवशी दोनदा मेला.

तरीही मेलिसविषयी माझ्या मनात काडीचा संशय आला नाही. उलट वाटलं, बिचारा दुःखाने बोलून गेला. कबर त्यानेच खणली. मातीत बर्फ इतका होता की त्याच्या तळहातांना फोड आले. बटाट्याच्या रांगेत तो आमच्यासाठी उभा राहायचा, आपाला 'आपा' म्हणून हाक मारायचा. आपा म्हणायची, एक मुलगा गेला, एक राहिला. मीही तेच म्हणत होते.

चाळिसावा होईपर्यंत मयताच्या घरात टीव्ही लावत नाहीत, हे तुला सांगायला नको. आपाने टीव्हीवर पांढरी चादर घातली होती, जमिनीपर्यंत. आणि दर गुरुवारी ती सात पोळ्या तेलात तळायची. तेलाचा वास उठला की गेलेलं माणूस दारापर्यंत येतं, त्या वासानेच त्याचं पोट भरतं आणि ते परत जातं. मग त्या सात पोळ्या सात घरांत वाटायच्या, प्रत्येक घरात बसून दोन शब्द म्हणायचे. आपाला त्यात दोन तास तरी लागायचे.

तेहतिसावा दिवस गुरुवार होता. वीज तेव्हा दिवसा दोन ते चार यायची. आपा पोळ्यांची परात घेऊन खाली उतरली आणि पाच मिनिटांत मेलिस आला. बाहेर बर्फावर ऊन पडलेलं, डोळे दिपत होते. घरात तेलाचा वास इतका दाट की पडद्यांना चिकटला होता.

मेलिस आत आला तो रबरी कलोश घालूनच. आपल्याकडे बुटांवरचे कलोश उंबऱ्याबाहेर काढतात, हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

"काढ ना ते," मी म्हटलं.

"राहू दे. मोजे ओले आहेत, गालिचा खराब होईल."

"आणि कलोशने नाही व्हायचा?"

"तू धुशील की. बायको उगाच करतोय का?"

मी हसले. बत्तीस दिवसांत पहिल्यांदा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग त्याने कोटाच्या खिशातून एक नवी काळी पिन काढली. टीव्हीची जुनी पिन त्याने रविवारीच कापून नेली होती, चौकशीला लागेल म्हणून. मला वाटलं तो वायर नीट करायला आलाय. पण तो खिडकीकडे गेला, पडदे ओढून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "झिपार, चादर काढ."

"वेडा आहेस का? अजून आठवडा आहे."

"ऐक तरी. सागिनचा खेळ... ओर्दोचा... तो तीन कॅसेटींपैकी कुठल्यातरी एकीवर आहे. एकीवरही नाव नाही. तो विकत घ्यायला ताश्कंदचा माणूस शनिवारी येतोय. लावून बघितल्याशिवाय कळणार कसं?"

ओर्दोचा खेळ सागिन आकाने सहा महिने बसून केला होता. पडद्यावर मोठं वर्तुळ, त्यात मेंढीची हाडं मांडलेली, मधोमध खान, आणि बाहेरून नेम धरून मारायचं. अगदी आपण अंगणात खेळतो तसा.

"दुसऱ्या कुणाच्या टीव्हीवर लाव."

"दुसऱ्या कुठल्या टीव्हीला पाच वायरी काढल्यात? अख्ख्या ओशमध्ये हा एकच." तो जवळ आला. "आणि आपण टीव्ही थोडाच बघतोय? बातम्या नाहीत, गाणी नाहीत. ॲन्टेना काढून ठेवतो हवं तर. ही नुसती काच आहे गं. कम्प्युटरची काच."

"चाळीस दिवस..."

"चाळीस दिवस टीव्हीचे. मॉनिटरचे किती, ते कुठल्या मुल्लाने सांगितलंय?" मग हसू आवरून म्हणाला, "खेळ सुरू झाला की पहिल्यांदा त्याचं नाव येतं पडद्यावर. सागिनने केला, असं. तुला बघायचं नाही?"

इथे मी विरघळले. दारुडा म्हणून बाजारभर झालेलं माझ्या भावाचं नाव मला एकदा स्वच्छ लिहिलेलं बघायचं होतं. चादर मी काढली. मीच. मेलिसने तिला बोटसुद्धा लावलं नाही, हे मला नंतर आठवलं. आपाचा विश्वास मी मोडला आणि चादरीची घडी करून खुर्चीवर ठेवली.

त्याने नवी पिन बसवली. भिंतीत लावली, टेस्टर सांगाड्याला टेकवला, पिन उलटली, पुन्हा टेकवला. मग पहिल्यासारखी लावून परत एकदा पाहिलं. तीनदा तपासलं त्याने. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी मोज्यांवर त्याच्यामागे उभी होते आणि मनात म्हणत होते, किती जपून काम करतो हा.

पहिली कॅसेट रिकामी निघाली. दुसरीवर गाणी होती. तिसरी लावली आणि टेपमधून ती किंचाळी सुरू झाली. तू ती ऐकलेली नाहीस. तेव्हा कम्प्युटरचा अख्खा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजात भरलेला असायचा. पत्र्यावर खिळा ओढत राहावा तशी पाच मिनिटं कर्रकर्र. पडद्याच्या कडांना निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावत होत्या. अंधाऱ्या खोलीत त्या आमच्या तोंडांवरून फिरत होत्या. मेलिस बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसला होता.

किंचाळी थांबली. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरं वर्तुळ उमटलं.

"हीच," मेलिस म्हणाला. "हाच खेळ."

नाव आलं नाही. हाडंही आली नाहीत. वर्तुळ तसंच राहिलं. मग हळूहळू ते मधून आवळायला लागलं, कुणी दोन बोटांत धरून चिमटा काढावा तसं, आणि त्याची दोन झाली. दोन छोटी पांढरी वर्तुळं, शेजारी शेजारी.

"हे काय?" मी विचारलं.

"कॅसेट खराब झाली असेल..."

डाव्या वर्तुळापाशी एक लाल ठिपका उमटला. थोडा वेळ राहिला. विझला. मग उजव्यापाशी उमटला. विझला. पुन्हा डावीकडे. घाई नव्हती त्याला. शाळेत मंद पोराला शिकवताना मास्तर छडी ठेवतो ना, हे बघ, आता हे बघ... तसा. डावीकडे. उजवीकडे.

आणि मला वास आला. तेलाचा वास तर होताच, त्याच्या खालून दुसरा एक वर चढत होता. गोडसर, नाकाला झोंबणारा. नेलपॉलिशचा.

मेलिस पडद्याकडे बघत नव्हता. तो भिंतीकडे बघत होता, सॉकेटकडे. मी त्याच्या नजरेमागून गेले. पिनेमागे भिंतीत दोन भोकं असतात, शेजारी शेजारी. आणि मग मला शुक्रवार आठवला.

सागिन आका जाण्याच्या दोन दिवस आधीचा शुक्रवार. तो बाजारात गेलेला. मेलिस हत्यारं न्यायला आला, घाईत वायरीला धरून पिन ओढली आणि पिन तुटली. त्याने खिशातून दुसरी काढून बसवली. मग मला हाक मारून म्हणाला, "राणीसाहेब, तुमचा शृंगार जरा उसना द्या." मी बाटली आणून दिली. तो पिनेवर ठिपका देत होता तेव्हा मी विचारलं होतं, "हीच बाजू कशावरून?" आणि तो माझ्या नाकाच्या शेंड्याला ब्रश लावत म्हणाला होता, "नवऱ्यावर विश्वास नाही वाटतं?"

इतकी लहान गोष्ट होती ती. मी विसरून गेले होते. ज्याच्यावर भरवसा असतो त्याचं सगळं कुठे लक्षात राहतं?

"मेलिस," मी म्हटलं. "शुक्रवारी ठिपका कुठल्या बाजूला दिला होतास?"

"कुठला शुक्रवार?"

"टेस्टर लावून बघितलं होतंस?"

पडद्यावर डावीकडे. उजवीकडे.

"सांग ना... बघितलं होतंस?"

"बसची घाई होती," तो म्हणाला. "झिपार, पन्नास टक्के वेळा बरोबरच येतं ते..."

"सागिनने पिन उलटी लावली नव्हती. त्याने लालला लाल लावलं."

"मी मुद्दाम केलं का? सख्ख्या भावासारखा होता तो मला!"

"मग दारू? ती कुठून आली?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, म्हणून तर जास्त लागलं. "काय सांगायला हवं होतं मी? तो तर गेलाच होता. मला तुरुंगात घालून तो परत येणार होता? आपल्या दोघांना जगायचं होतं ना, झिपार? आपल्या दोघांसाठीच..."

आपल्या दोघांसाठी! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या भावाला मारलं माझ्याच बाटलीने, त्याला दारुडा ठरवलं माझ्याच लग्नासाठी, आणि मी बत्तीस दिवस त्या माणसाला चहा करून देत होते, साखर दोन चमचे.

इतक्यात माझ्या लक्षात आलं की खोली फार शांत आहे. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद पडला होता. वरच्या मजल्यावरचा रेडिओही. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. वीज गेली होती. टेपवरचा लाल दिवा विझलेला, पेटीवरचा विझलेला. फक्त टीव्ही चालू होता. दोन पांढरी वर्तुळं. ठिपका आता हलत नव्हता. उजवीकडे थांबला होता आणि वाढत होता, ओघळ यावा तसा खाली लांबत होता.

मेलिस उठला आणि मागे सरकत दाराला टेकला.

"पिन काढ," तो कुजबुजला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"झिपार... तू काढ. तुला तो काही करणार नाही. बहीण आहेस त्याची."

मी खाली पाहिलं. माझ्या पायांत लोकरीचे मोजे, एका टाचेला भोक. आणि त्याच्या पायांत रबरी कलोश. कोरड्या ठणठणीत बुटांवर. तो येतानाच घालून आला होता. कॅसेटवर काय निघेल हे त्याला ठाऊक नव्हतं, पण या खोलीत आपल्याला कुणाची भीती आहे हे पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या पायांची काळजी त्याने घरून निघतानाच घेतली होती. माझ्या पायांची नाही.

अयदाय, भावाच्या मरणापेक्षा मी त्या कलोशांवर जास्त रडलेय. हे बोलू नये, पण खरं आहे.

मी भिंतीजवळ गेले. पिन धरली. कोमट होती, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी. मी म्हटलं, "आका, मी आहे," आणि ओढली.

मला काही झालं नाही. पडदा आवळत आवळत मधोमध एका ठिपक्यावर आला. जुने टीव्ही बंद करताना असा ठिपका राहायचा, पण तो पांढरा असायचा आणि दोन क्षणांत विझायचा. हा लाल होता आणि विझला नाही. दार धाडकन आपटलं. मेलिस जिन्यावरून पळत गेला, कलोश फटफट वाजत होते. त्या आवाजात मी झुमके काढले आणि खिडकी उघडून त्याच्यामागे बर्फात फेकले.

मग हातातल्या पिनेकडे पाहिलं. नवी काळी पिन. तिच्यावर कुणीही खूण केलेली नव्हती, माझी बाटली तर तोवर वाळून गेली होती. पण पिनेच्या एका अंगाला लाल ठिपका होता. ओला. माझा अंगठा त्यावरच पडला होता.

आपा आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिने उघडा टीव्ही पाहिला, खुर्चीवरची चादर पाहिली आणि मग माझ्या अंगठ्याचं लाल नख पाहिलं. तिच्या हातातली रिकामी परात खाली पडली.

"तेहतिसावा दिवस आहे," ती म्हणाली. "आणि तू नखं रंगवतेस?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्याने माझ्या पोराची कबर खणली त्याच्यावर घालतेस आता?" चादर घातली तरी तिच्यातून तो लाल ठिपका संध्याकाळपर्यंत दिसत होता. तिला दिसला नाही. मला दिसत होता. मेलिस महिनाभरात रशियाला गेला, आणि झिपारने सोन्यासारखा मुलगा सोडला असं लोक अजून म्हणतात. आपा जाईपर्यंत म्हणत होती. तुझ्या आईलाही मनातून तसंच वाटतं, मला ठाऊक आहे.

आता हा अंगठा बघ. दिवा जवळ धर. मी नेहमी हाताची घडी घालून बसते, म्हणून तू कधी नीट पाहिला नसशील. ॲसिटोनने पुसला, ब्लेडने खरवडला. नख वाढतं, मी कापते, पुन्हा वाढतं. तीस वर्षांत ठिपका जागचा हललेला नाही. वाळलेला, फिकट, डागासारखा. मला त्याचा त्रासही नव्हता.

काल नुरतिलेकने वायर आणली. टीव्हीच्या मागे हात घालायच्या आधी तो थबकला, आठवतं? तुमची वायरिंग जुनी आहे म्हणाला. मग हसून वायर तुझ्या हातात दिली. "तू लाव गं. तुझ्या घराची वीज तुला ओळखते."

हात लावू नकोस! नुसतं बघ. हा रुमाल सकाळपासूनचा तिसरा. कालपासून पुसतेय मी, पण हा ठिपका वाळतच नाहीये.